साताऱ्याचे ‘पॉइंट’ कुणी ठरवले?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण वाचा, कारण विषय आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी यवतेश्वर घाटात अडकलो होतो. कासला निघालेल्या गाड्यांची रांग, एमएच १२, एमएच १४, मधूनच एखादी आपली एमएच ११. पुढच्या गाडीतल्या एका काकूंनी काच खाली केली आणि विचारलं, “दादा, कास झाल्यावर इथं अजून काय बघण्यासारखं आहे?” मी सवयीनं यादी म्हटली. बामणोली, ठोसेघर, सज्जनगड, मुक्काम असेल तर महाबळेश्वर. काकू खूश. रांग हलली.

प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. ही यादी आपल्या सगळ्यांना पाढ्यासारखी पाठ आहे. पण ती केली कुणी? जावळी, महाबळेश्वर, पाटण, सातारा या भागातलं कुठलं ठिकाण ‘बघण्यासारखं’ आणि कुठलं नुसतं ‘गाव’, हे कधी आणि कुणी ठरवलं? गेल्या दोनशे वर्षांत प्रत्येक वेळी कुणीतरी लांबून आलं, नकाशावर रेघ मारली, आणि रेघेच्या आत राहणाऱ्याला नंतर कळवलं. आता पुन्हा एक मोठी रेघ पडते आहे. म्हणून हा इतिहास.

१) पॉइंटच्या आधी

महाबळेश्वर इंग्रजांनी ‘शोधलं’ असं शाळेच्या सहलीत गाईड सांगायचा. आपण मान डोलवायचो. अहो, क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथं मानतात. साहेब येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून यात्रेकरू घाट चढून तिथं येत होते. म्हणजे पर्यटन नव्हतं असं नाही. त्याला तीर्थयात्रा म्हणायचे, एवढाच फरक.

दुसरं, जावळीचं रान. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतली, प्रतापगड बांधून घेतला, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाचं काय झालं ते पोराबाळांना माहीत आहे. त्या लढाईत निम्मं काम रानानं केलं. वाट माहीत नसलेल्या माणसाला गिळणारं रान होतं ते. आज आपण त्याला ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणून खोलीचं भाडं वाढवतो.

आणि तिसरं, इथं माणसं राहत होती. कुणबी, कोळी, गवळी-धनगर. धावड नावाचा समाज होता. डोंगरातला दगड भट्टीत वितळवून लोखंड काढणारे. त्या भट्ट्यांना कोळसा लागायचा, कोळशाला झाडं. पुढं इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि हा धंदा बसला. पर्यटनाच्या कुठल्याही माहितीपत्रकात धावडांचं नाव तुम्हाला सापडणार नाही. भट्टी हा काही ‘पॉइंट’ नाही ना.

२) एका गावाच्या बदल्यात

१८२४ मध्ये कर्नल लॉडविक हा लष्करी अधिकारी डोंगर चढून वर आला. त्याला हवा आवडली. मग १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला. त्याला आजारी गोऱ्या शिपायांसाठी आणि उन्हाळ्यानं हैराण झालेल्या साहेबांसाठी थंड जागा हवी होती. ही जमीन होती साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांची. १८२९ मध्ये करार झाला. महाराजांनी डोंगरमाथा दिला आणि बदल्यात कंपनीनं वाईकडचं खंडाळा हे गाव त्यांना दिलं. माथ्यावर जी वसाहत झाली तिचं नाव पडलं माल्कम पेठ.

साताऱ्याहून वर जाणारा रस्ता प्रतापसिंह महाराजांनी बांधून घेतला. पुढं त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला, पाण्याच्या सोयीसाठी. आज तिथं बोटी चालतात आणि काठावर भाजलेलं कणीस मिळतं. शंभरातल्या किती जणांना माहीत असतं, की हा तलाव साताऱ्याच्या राजानं बांधला?

आता या गोष्टीचा शेवट ऐका. ज्या प्रतापसिंहांनी साहेबांना थंड हवेची जागा दिली, त्यांनाच कंपनीनं १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथंच वारले. आप्पासाहेब १८४८ मध्ये गेले, तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीनं सातारा संस्थानच खालसा केलं. डोंगर दिला, रस्ता दिला, तलाव दिला, आणि वीस वर्षांत राज्यही गेलं. खंडाळ्याच्या बदल्यातला हा सौदा मला नेहमी आठवतो, जेव्हा कुणी म्हणतं “पाहुण्यांना जागा दिली की भाग सुधारतो.”

वसवताना कष्ट कुणी केले, हेही बघा. तिथं एक तुरुंग होता. चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवलेले. १८६४ मध्ये तो बंद झाला. त्या कैद्यांनी बटाटा आणि इंग्रजी भाज्यांचे मळे पिकवले. साहेबांच्या बागांमधून स्ट्रॉबेरीही याच डोंगरावर आली. म्हणजे ज्या लाल फळावर आज आपल्या शेकडो कुटुंबांची चूल पेटते, त्याच्या मातीत परमुलखातल्या बेडी घातलेल्या माणसांचाही घाम आहे.

मग नावं पडली. लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, बॅबिंग्टन पॉइंट. माल्कमच्या मुलीच्या नावानं केट्स पॉइंट. आर्थर मॅलेटच्या नावानं आर्थर सीट. त्याची बायको आणि मुलं सावित्री नदीच्या मुखाशी बोट बुडून गेली, तो तिथं बसून नदीकडं बघायचा असं सांगतात. त्याच्या दुःखाबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण नावं नव्हती का आधी? विल्सन पॉइंट म्हणजे सिंडोळा, डोंगरावरची सगळ्यात उंच जागा, जवळपास १,४३९ मीटर. केट्स पॉइंट म्हणजे नाकेखिंड. आर्थर सीट म्हणजे मढीमहाल. या नावांचे बोर्ड बघितलेत कधी? गुराख्याच्या तोंडची नावं पुसली आणि साहेबाच्या लेकीचं राहिलं. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं उलटली तरी आपण टॅक्सीच्या काचेवर तीच यादी चिकटवतो.

एक गोष्ट मात्र साहेबाकडून शिकण्यासारखी होती. तो पावसाळ्यात इथं थांबत नसे. उन्हाळा आणि ऑक्टोबर एवढाच त्याचा हंगाम. जूनच्या मध्याला बंगल्यांना गवताच्या झडी बांधायच्या, गाशा गुंडाळायचा आणि खाली उतरायचं. पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या माथ्यावर. चार महिने डोंगराला विश्रांती मिळायची. आज जुलैत घाटात ढग उतरले की आपल्याकडं सगळ्यात जास्त गाड्या. डोंगराला सुट्टीच नाही.

३) पाच गावांची पाचगणी

पाचगणीची गोष्ट थोडी वेगळी. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं तिथं वस्ती बसवली. दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट ही आजूबाजूची पाच गावं. महाबळेश्वरपेक्षा पाऊस खूप कमी, म्हणून बारा महिने राहता येईल अशी जागा. चेसननं परदेशी झाडं लावली; आज रस्त्याकडेला दिसणारे उंच सिल्व्हर ओक त्या परंपरेतले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निवासी शाळा आल्या. नंतर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. म्हणजे पाचगणी ही आधी शिकायची आणि बरं व्हायची जागा होती. टेबललँडवर घोडागाडीत बसून फोटो काढायची नंतर झाली.

त्या पाच गावांतल्या किती पोरांना त्या शाळांत शिकता आलं, हे आपापल्या घरी विचारा. बहुतेकांचं नातं त्या शाळांशी स्वयंपाकघर, माळीकाम आणि ड्रायव्हिंग इतकंच राहिलं. पण रोजगार मिळाला, हेही खरं. ते नाकारत नाही. पर्यटनाचा इतिहास लिहिताना हे दोन्ही लिहावं लागतं.

४) ‘मिनी काश्मीर’च्या तळाशी काय आहे

आता माझ्या घरातली गोष्ट.

तापोळ्याला लोक ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. मला ते नाव कधीच आवडलं नाही. बामणोली, तापोळा या पट्ट्यात जे निळंशार पाणी दिसतं, ज्याच्यावर स्पीडबोट उडते, तो काही निसर्गानं केलेला तलाव नव्हे. तो शिवसागर आहे. कोयना धरणाचा फुगवटा. आणि त्याच्या तळाशी माझं आजोळ आहे.

कोयनेचं काम १९५४ मध्ये सुरू झालं. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं. १०३ मीटर उंचीची भिंत, आज १०५ टीएमसी साठा, आणि सगळे टप्पे धरून १,९६० मेगावॅट वीज. राज्याचे कारखाने त्या विजेवर उभे राहिले. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते उगाच नाही. पण ज्यांची भातखाचरं गेली, त्यांच्या भाग्यात काय आलं? प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ मध्ये. म्हणजे आमची माणसं उठली तेव्हा कायदाच नव्हता. कुणाला सोलापूरकडं जमीन दाखवली, कुणाला सांगलीकडं, कुणाला ठाणे-रायगडात. नाचणी आणि भात पिकवणारा माणूस काळ्या रानात नेऊन सोडला. कितीतरी जण खाली गेलेच नाहीत. पाणी चढत गेलं तसे वर सरकत गेले, डोंगराच्या उतारावर, आणि तिथंच राहिले.

आई सांगायची, पहिल्या वर्षी पाणी आलं तेव्हा बायका रोज सकाळी काठावर जाऊन बघायच्या, काल दिसणारी कुठली गोष्ट आज दिसत नाही. आधी वावरं गेली, मग पाणंद, मग देवळाचा कळस. मे महिन्यात पाणी उतरलं की अजूनही घरांची जोती वर येतात. मामा मला एकदा घेऊन गेला होता. वाळलेल्या गाळात उभा राहून म्हणाला, “हितं चूल हुती.” शेजारून पर्यटकांची बोट गेली. त्यांनी आम्हाला हात केला. आम्हीही केला.

त्यावर ११ डिसेंबर १९६७ चा पहाटेचा भूकंप. कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसं गेली, घरं भुईसपाट झाली. आमच्याकडं वय मोजताना अजून “भूकंपाच्या आधीचा का नंतरचा” असं विचारतात.

मग पोरं मुंबईला गेली. जावळी-पाटणचा माणूस आणि मुंबईतली माथाडीची पाटी यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे. अण्णासाहेब पाटील आपल्या पाटण तालुक्यातले. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि खांद्यावर ओझं वाहणाऱ्याला हक्काचा पगार, दवाखाना मिळाला. कुणी म्हणेल, पर्यटनाच्या लेखात माथाडी कशाला? ज्या खोऱ्याला आपण आज ‘शांत, निवांत, गर्दी नसलेलं’ म्हणून विकतो, ते शांत का आहे याचं उत्तर त्यात आहे, म्हणून. माणसं उठून गेली म्हणून शांत आहे.

५) अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प आणि वासोटा

१९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. धरणातून जी गावं वर सरकली होती, त्यांतल्या काहींना पुन्हा उठायची वेळ आली. एका जन्मात दोनदा. जंगल राखायला हवं, यात मला शंका नाही. रानगवा, अस्वल, शेकरू, धनेश ही आपली श्रीमंती आहे. पण जंगल राखण्याचा हप्ता दरवेळी त्याच खातेदाराच्या नावावर का पडतो, एवढंच विचारायचं आहे.

या जंगलातला वासोटा बघा. जुना तुरुंगाचा किल्ला. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीनं तो बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने लढवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हा कैदेतले त्यांचे दोन अधिकारी तिथं सापडले, आणि प्रतापसिंह महाराजांच्या घरची माणसंही तिथंच होती. आज तिथं जायचं तर बामणोलीत वनखात्याची परवानगी, बोट, उजेडात जाणं आणि उजेडात परत येणं. मुक्काम नाही. आपल्या भागातली ही शिस्तीची पद्धत मला आवडते. बोट चालवणारी पोरं धरणग्रस्त गावांतली आहेत. पाण्यानं गाव घेतलं, निदान त्या पाण्यावर पोट तरी चालतंय.

६) कास, जिथं गावाला थोडा आवाज आहे

मी लहान असताना कास म्हणजे तलाव. सातारा शहराला तिथून उताराच्या जोरावर पाणी येतं, पंप लागत नाही, याचं सगळ्यांना कौतुक. पठार म्हणजे गुरं चारायची जागा. फुलं यायची, जायची. कोण बघतंय.

मग २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. पुढच्याच हंगामात माणसांचा पूर आला. लोक फुलांवर झोपून फोटो काढायचे. गाड्या थेट सड्यावर.

कास नाजूक का, हे समजून घ्या. खाली जांभा दगडाचा सडा आहे आणि वर मातीचा थर अगदी पातळ. पाऊस पडला की तिथं पाणी साचतं, दगडातून झिरपत नाही लवकर. त्यात मातीला कस नाही. म्हणून मोठी झाडं येत नाहीत. येतात ती दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपणारी छोटी रोपं. तेरडा, गेंद, सोनकी. सीतेची आसवं तर बारीक किडे खाऊन जगते, कारण मातीतून पोट भरत नाही. वायतुरा ही इथली खास वनस्पती. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. एका माणसाचा एक बूट पडला की पुढच्या वर्षाचं बी गेलं.

तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या समित्या आणि वनखातं मिळून बसले. तिकीट आलं, ऑनलाइन नोंदणी आली, रोजच्या माणसांवर मर्यादा आली. तीन हजार. गावातली पोरंपोरी शिट्टी घेऊन उभी राहिली, गाईड झाली. सगळं सुरळीत आहे असं म्हणत नाही. कुंपणावरून भांडणं झाली. चराई बंद केल्यानं गवत वाढून फुलं दबतात का, यावर म्हातारे आणि शास्त्रज्ञ दोघंही बोलतात. रविवारी रांग अजून यवतेश्वरपर्यंत लागते. पण आपल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात ही मला दिसलेली पहिली जागा, जिथं गर्दीला ‘बास’ म्हणायचा हक्क थोडा तरी गावाच्या हातात आला. तिकिटाचा काही पैसा गावात राहिला.

असंच थोडं स्ट्रॉबेरीचं. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी याच डोंगरावरून जाते. भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं आणि लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या. मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं. या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. पाहुणा आला, पण यजमान बेघर झाला नाही. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहिली.

७) रेघा आणि पळवाटा

२००१ मध्ये केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं. हेतू चांगला. डोंगर फोडून होणारी बांधकामं थांबावीत. झालं काय? गरिबाला पोराच्या लग्नासाठी मागं एक खोली काढायची तर वर्षानुवर्षं कागद हलत नाही, आणि त्याच डोंगरावर तीन मजली हॉटेलं उभी राहतात. माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात स्थानिकांच्या अशा तक्रारींची दखल घेतली होती आणि निर्णय ग्रामसभेपासून वर जावेत असा आग्रह धरला होता. आपण त्या अहवालाला ‘विकासविरोधी’ म्हणून मोकळे झालो. किती जणांनी वाचला होता? मीही तेव्हा वाचला नव्हता. न वाचताच तावातावानं बोललो होतो. कबूल करतो.

जुलै २०२१ आठवतो ना? महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. आंबेनळी घाट तुटला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं दरडी घरांवर आल्या. आपली माणसं गेली. डोंगराचा उतार किती पेलू शकतो याचा तो हिशेब होता, आणि तो रिसॉर्टच्या नाही, गावांच्या नावावर मांडला गेला.

८) आता नवी रेघ

आणि आता नवीन महाबळेश्वर. सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर या चार तालुक्यांतली २३५ गावं, अकराशे चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र. नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलंय रस्ते विकास महामंडळाला. २०२४ मध्ये प्रारूप आराखडा आला, हरकती-सूचना मागवल्या. पुढं आणखी गावं जोडायचंही ठरलं.

मी सरसकट विरोध करणारा नाही. आमच्या खोऱ्यात बाळंतीण डोलीतून न्यावी लागते, पावसाळ्यात एसटी बंद होते, शाळेत पोरं उरली नाहीत. रस्ता हवा, दवाखाना हवा, काम हवं. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून पोरगा परत यावा असं कुठल्या आईला वाटत नाही? पर्यटनातून ते होणार असेल तर पायघड्या घालू.

पण इतिहास काय सांगतो? १८२९ मध्ये डोंगर गेला, बदल्यात एक गाव आलं, शेवटी राज्य गेलं. धरण आलं तेव्हा वीज लांब गेली आणि अंधार इथं राहिला. संवेदनशील क्षेत्र आलं तेव्हा नियम गरिबाला आणि पळवाट पैसेवाल्याला. कासला आणि भिलारला मात्र गाव आत होतं म्हणून थोडं जमलं. आराखडा चांगला का वाईट, हे ठरवायला म्हणून एकच प्रश्न पुरे: गाव यात यजमान आहे का वेटर?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच.

ग्रामसभेत आपल्या गावाचा नकाशा मागा. भिंतीवर लावायला सांगा. आपल्या गट नंबरवर कुठला रंग आहे, त्या रंगाचा अर्थ काय, हे तलाठ्याला नाही तर गावातल्या शिकलेल्या पोरीला वाचायला सांगा. ती नीट सांगेल.

जमीन विकू नका. ‘पॉइंटला लागून’ म्हणून आज जो भाव सांगतात त्याला भुलू नका. भाड्यानं द्या, भागीदारी करा, चार खोल्यांची घरगुती राहण्याची सोय काढा. एकदा सातबारा गेला की आपल्याच डोंगरावर आपण गेटबाहेरचे. दलाल बाहेरून येतो असं म्हणतो आपण, पण त्याला वाट दाखवणारा बहुतेक वेळा आपलाच भाऊबंद असतो. हेही बोललं पाहिजे.

कासची मर्यादा सगळीकडं मागा. किती गाड्या, किती पाणी, किती कचरा पेलेल, हा आकडा आधी. खोल्या नंतर.

कोयनेच्या विस्थापितांचं जे देणं राहिलंय ते आधी चुकतं करा, मग नवी भूमिपूजनं.

आणि एक बिनखर्चाची मागणी. प्रत्येक पॉइंटच्या बोर्डवर जुनं नाव लिहा. आर्थर सीटखाली मढीमहाल. विल्सन पॉइंटखाली सिंडोळा. केट्स पॉइंटखाली नाकेखिंड. वेण्णा तलावावर आप्पासाहेब महाराजांचं नाव. आणि तापोळ्याच्या बोट क्लबवर पाण्याखालच्या गावांची यादी, एकेक नाव, वाचता येईल अशा अक्षरात. बोटीत बसायच्या आधी पाहुण्यानं ती वाचावी.

घाटातल्या त्या काकूंना त्या दिवशी मी पाठ केलेली यादी सांगितली. पुन्हा कुणी विचारलं, “बघण्यासारखं काय आहे?”, तर आधी मामानं दाखवलेलं ते जोतं सांगणार आहे. मग कास, मग बाकीचं.

तुमच्या गावात जुनी कुठली नावं आहेत? डोंगर, खिंड, पाणवठा, टेप, कडा, काहीही. खाली कॉमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा, लवकर विचारा. सगळी एकत्र करून यादी करतो आणि ग्रामपंचायतींना देतो. ही यादी तरी आपली आपण करू.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण वाचून भांडा.